भाऊ चिकटवी, बहीण सोडवी

कारखान्यात सगळे त्याला गोंद्या म्हणत. खऱ्या नावाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो कारखाना टॅब बनवायचा, आणि काच व खालचा सांगाडा एकमेकांना चिकटवायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून गोंद्या. आधी हातातल्या पिचकारीने आणि पुढे यंत्राने, पण काम तेच. काळ्या, दाट गोंदाची बारीक रेघ कडेकडेने ओढायची, बॅटरीखाली चार ठिपके द्यायचे आणि पीस पुढे सरकवायचा. पिचकारीच्या काळात तो बॅटरीच्या एका कोपऱ्यात एक ठिपका जादाच द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला त्याशिवाय चैन पडत नसे. "माझ्या हातचं एकदा चिकटलं की निघत नाही," असं तो घरी जेवताना सांगायचा, आणि त्याची बायको म्हणायची, "ते मला लग्नापासून माहीत आहे."

घरात त्याला 'बाळ' म्हणणारंही एक माणूस होतं, ती त्याची ताई. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर मोजके केस उरलेला हा बाळ सकाळी चपला घालू लागला की आतून हाक यायची, "बाळ, डबा घेतलास का?" आणि तो घेतला असला तरी एकदा पिशवीत हात घालून बघायचा.

ही ताई त्याच्याहून बरीच मोठी. तो रांगतही नव्हता तेव्हा आई गेली. वडील पाळ्यांमध्ये काम करायचे, कधी दिवसा झोपलेले तर कधी दिवसभर गायब. पोर ताईच्या कडेवर आलं ते तिथेच राहिलं. ती शिवण शिकायला जायची तीही त्याला घेऊनच. शिकवणाऱ्या बाई वैतागून म्हणाल्या, "एक तर शिवण शीक, नाही तर पोर सांभाळ." ताई म्हणाली, "दोन हात आहेत की." आणि खरोखरच ती एका हाताने त्याला धरायची आणि दुसऱ्याने कापड सरकवायची. त्यामुळे तिची शिवण जरा तिरपी जायची, पण शिकली.

तिचं लग्न लांबलं, कारण प्रत्येक स्थळाला ती पहिला प्रश्न एकच विचारायची. "हा माझ्याबरोबर येईल, चालेल का?" हा म्हणजे सहा-सात वर्षांचा गोंद्या, तिच्या मागे लपून बसलेला. बऱ्याच जणांचा चहा तिथेच गार झाला. शेवटी एक शिंपी आला. त्याने पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "याच्या मापाची एक पँट शिवावी लागेल, एवढंच." गोंद्याला आयुष्यात कुणी काही चांगलं बोललं असेल, तर ते हे वाक्य. तो भावोजींच्या घरी वाढला, दुकानात काजं-बटणं करत शाळा शिकला, आणि कारखान्यात लागला त्या दिवशी घातलेला शर्ट भावोजींच्याच हातचा होता.

भावोजी गेले तेव्हा ताईला मूलबाळ नव्हतं. दुकान तिने दुसऱ्या शिंप्याला दिलं. गोंद्या घरी आला आणि बायकोला म्हणाला, "मी म्हणतो, ताईला आपल्याकडे..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बायको म्हणाली, "खोली मी कालच आवरलीय. तू फक्त त्यांची मशीन आणायला टेम्पो बघ."

अशी ताई त्याच्या घरी आली. पहिला महिना तिने घरातलं उसवलेलं सगळं शिवलं. दुसऱ्या महिन्यात न उसवलेलंही शिवलं. मग एके दिवशी सकाळी म्हणाली, "रिकामं बसून मला गंज चढायला लागलाय. तुमच्या कारखान्याच्या मागच्या फाटकावर बायका पाहिजेत अशी पाटी लागलीय. मी जाऊन आले. सोमवारपासून या म्हणाले."

गोंद्याचा घास हातातच राहिला. मागचं फाटक म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं.

झालं होतं असं, की सरकारने नियम केला होता: यंत्र ज्याने बनवलं त्यानेच ते शेवटी परत घ्यायचं, आणि त्याची नीट वासलात लावायची. ज्याने केलं त्याने निस्तरावं, इतकी साधी गोष्ट. पण कारखान्याला ती पचायला वेळ लागला. आधी टाळाटाळ झाली, मग दंडाची भीती आली, आणि मग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत एक मोठी पत्र्याची शेड उभी राहिली. लोकांनी वापरून टाकून दिलेले टॅब खोक्याखोक्यांनी तिथे येत. टेबलांवर बसलेल्या बायका ते सोडवून काच एकीकडे, बॅटरी एकीकडे, सर्किटची हिरवी पाटी एकीकडे असं सुटं करत. ते सुटं झालेलं मग ज्याच्या त्याच्या ठिकाणी जाई. तांबं आणि कणभर सोनं काढणारे वेगळे, काच वितळवणारे वेगळे. कारखाना आणि शेड यांच्यामध्ये उंच भिंत होती, आणि त्या भिंतीत दार ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. पुढच्या फाटकाने नवं बाहेर पडायचं, मागच्या फाटकाने जुनं आत यायचं, आणि दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसायचं. पुढचे लोक मागच्या शेडला 'भंगार' म्हणत.

"ताई, तुला काय कमी आहे इथे?" गोंद्या म्हणाला.

"कमी काही नाही. पण पोटाला मिळालं म्हणून हात थोडेच गप्प बसतात?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, भाऊ चिकटवतो आणि बहीण सोडवते. खरंच आहे की ते." आणि ती स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

तर अशी दोघं एकाच कारखान्यात लागली. सकाळी बरोबर निघायची, कोपऱ्यावर तो पुढच्या फाटकाकडे वळायचा आणि ती मागच्या. ताईला काम आवडलं. शिवण उसवायची सवय असलेल्या माणसाला ते काही अवघड नव्हतं. शेडमध्ये एकमेकींशी बोलत काम चालायचं, डबे वाटून खाल्ले जायचे, आणि महिन्याभरात ती तिथल्या सगळ्यांचीच ताई झाली. गोंद्याला याचा थोडा मत्सर वाटायचा, पण तो काही कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

एक मात्र त्याच्या लक्षात येत होतं. ताईची मनगटं दुखत होती. ती सांगत नसे. पण पाण्याचा तांब्या ती दोन्ही हातांनी उचलू लागली होती, आणि शिवणयंत्रावर धूळ बसू लागली होती. बायको म्हणाली, "विचार ना त्यांना." त्याने विचारलं. ताई म्हणाली, "वय झालं." आणि विषय बदलला.

मग तो दिवस आला. गोंद्या यंत्रावर उभा होता. सुपरवायझर लगबगीने आला आणि म्हणाला, "तुझी बहीण मागे शेडमध्ये आहे का? तिच्या हातात बॅटरी पेटली म्हणतात. जा तू, मी बघतो इथलं."

भिंतीत दार नव्हतं. गोंद्या पुढच्या फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्याने कारखान्याला पूर्ण वळसा घालून मागच्या फाटकाकडे धावला. धावताना त्याला एकच गोष्ट सुचत होती, की इतकी वर्षं इथे काम करून आपण या बाजूला एकदाही आलो नाही.

शेडमध्ये जळक्या प्लास्टिकचा उग्र वास भरून राहिला होता. ताई स्टुलावर बसली होती. प्रथमोपचार करणारी बाई तिच्या तळव्याला पट्टी बांधत होती आणि ताई तिला सांगत होती, "अशी नाही गं, जरा तिरपी घे, म्हणजे अंगठा मोकळा राहील."

त्याला बघून ती म्हणाली, "बाळ, तू कशाला धावत आलास? धाप लागलीय बघ किती."

'बाळ' ऐकून आजूबाजूच्या बायकांनी त्या टकल्या, घामेजलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि इतक्या गंभीर प्रसंगातही दोघीतिघींनी पदराआड तोंड लपवलं.

झालं काय होतं ते शेजारच्या टेबलवालीने सांगितलं. बॅटरी निघत नव्हती. पाचर सरकवून सरकवून ताई ती उचकटत होती, तेवढ्यात पाचर सटकली आणि बॅटरीत घुसली. फस्सकन धूर आला. दुसरी कुणी असती तर टाकून पळाली असती आणि खोक्यांना आग लागली असती. ताईने मात्र ती तशीच उचलून वाळूच्या बादलीत फेकली, वर वाळू लोटली आणि मग खाली बसली. हात भाजला तो तेव्हा.

"गोंदच असा घालतात मेले," शेजारीण म्हणाली. "ज्याने हे चिकटवलं ना, त्याच्या सात पिढ्या..."

"पिढ्यांपर्यंत नको जाऊस," ताई घाईने म्हणाली. "मागे सांगितलंय तुला. त्यात मीही येते."

बायका हसल्या. गोंद्या हसला नाही. तो टेबलाजवळ गेला. तिथे तो अर्धवट उघडलेला टॅब पडला होता. बॅटरीची जागा काळवंडली होती, पण कोपऱ्यातला गोंद दिसत होता. रांगेतले ठिपके, आणि कडेला एक जादा.

घरी जाताना तो ताईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत चालला. मग म्हणाला, "ताई, तो माझ्या हातचा होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. पाचवा ठिपका आणखी कोण देणार? घरी रोज ऐकलंय मी त्याचं कौतुक."

"मग बोलली का नाहीस?"

ताई चालता चालता थांबली. "काय बोलू? मी तुझ्या हातचा पहिला टॅब उघडला तेव्हा मला काय वाटलं सांगू? कुणाच्या तरी घरी इतकी वर्षं राहिला, पोरांनी आपटला असेल, सांडलवंड झाली असेल, आणि तरी आतलं तसूभर हललं नव्हतं. म्हटलं, माझ्या पोराचं काम निगुतीचं आहे. मी शिवायची ते तिरपं जायचं. तुझं सरळ गेलंय."

रस्त्यावर माणसं होती, नाही तर गोंद्या रडलाच असता.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर बायको म्हणाली, "पण तुमच्या लाइनवर चुकून वाकडं चिकटलं तर तुम्ही काय करता? फेकून देता?"

"नाही. गरम पाटीवर ठेवतो. जरा ऊब लागली की गोंद मऊ पडतो, मग नखाने उचललं तरी येतं."

"मग वन्संच्या शेडमध्ये ती पाटी नाही का?"

गोंद्याने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. अशी काही पाटी असते हेही तिने कधी ऐकलं नव्हतं. भिंतीच्या अलीकडच्यांना वाटत होतं, पलीकडच्यांकडे असेलच. आणि पलीकडच्यांना वाटत होतं, गोंद हा असाच असतो.

दुसऱ्या दिवशी तो डिझाइन विभागातल्या बाईंकडे गेला. या बाई वयाने लहान, बोलायला भरभर, आणि कामगार दारात आला तर खुर्ची देणाऱ्या. त्याने पाटीचं सांगितलं. बाई लगेच उठल्या, पण लगेच हो म्हणाल्या नाहीत. "चुकलेले पीस नवे असतात," त्या म्हणाल्या. "जुन्या बॅटरीचं तसं नाही. ती फुगलेली असेल, अर्धी भरलेली असेल. आधी पूर्ण रिकामी करायची, फुगलेल्या बाजूला काढायच्या, आणि ऊब किती द्यायची ते मला तपासू द्या. नाही तर एका हाताच्या जागी दहा हात भाजतील." गोंद्याच्या मनात हे आलंच नव्हतं. तो मनातल्या मनात हबकला, आणि बरं झालं विचारलं असं त्याला वाटलं.

बाईंनी दोन आठवडे स्वतः शेडमध्ये बसून प्रयोग केले. रस्त्याने वळसा घालून त्या रोज जायच्या आणि रोज म्हणायच्या, या भिंतीला दार पाहिजे. मग पाट्या बसल्या. बॅटरी रिकामी करायचं यंत्र आलं. पहिला टॅब पाटीवर ठेवून उचलला तेव्हा बॅटरी अशी अलगद सुटून आली, की शेजारीण बराच वेळ तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ताई, त्या सात पिढ्यांना माझा निरोप सांगा. शिव्या परत घेतल्या."

ताईचा तळवा भरून आला. मनगटं पूर्ण बरी झाली नाहीत, तशी होतही नाहीत म्हणे, पण तांब्या ती पुन्हा एका हाताने उचलू लागली. बायकोने शिवणयंत्रावरची धूळ पुसली.

इथेच गोष्ट थांबली असती, पण डिझाइनच्या बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. एके दिवशी त्या लाइनवर एक नमुना घेऊन आल्या. कडेने गोंदाऐवजी रबराची पट्टी आणि बारीक स्क्रू, आणि बॅटरीखाली ओढली की निघणारी फीत. सगळ्यांना जमवून त्या म्हणाल्या, "मी दोन वर्षं हेच सांगतेय. वरचे म्हणतात, लाइन ऐकणार नाही. लाइन म्हणते, वरचे ऐकणार नाहीत. आता वरचे ऐकायला लागलेत, कारण सोडवायचा खर्च आपल्याच बोकांडी बसलाय. जे सोपं सुटेल ते आपल्यालाच स्वस्त पडेल. राहिलात तुम्ही."

लाइनवर कुरकुर सुरू झाली. स्क्रू म्हणजे वेळ. वेळ गेला की पीस कमी, आणि पीस कमी की महिन्याची जादा कमाई गेली. गोंद्याच्या शेजारी फिती लावणारा टेपवाला उघडच म्हणाला, "भंगारातल्या लोकांसाठी आम्ही का मरायचं? आणि गोंद्या, तुझं तर यंत्रच जाणार. बोल की तू."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. गोंद्या चारचौघांत बोलणारा माणूस नव्हता. त्याने हात पुसले, उगाचच.

"माझं यंत्र जाणार, हे खरं आहे," तो म्हणाला. "आणि मला ते आवडतं, हेही खरं. पण आपण जे बनवतो ते कुठे जातं असं आपल्याला वाटतं? दुकानात जातं, घरात जातं, आणि मग परत येतं. इथेच येतं, या भिंतीच्या मागे. तिथे जी माणसं बसलीत ती भंगार नाहीत. त्यात माझी बहीण आहे. तिने मला वाढवलं. मी इतकी वर्षं जे घट्ट बसवलं, ते ती हाताने उचकटत होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आता पत्ता लागल्यावर मी कसं म्हणू, की मला चार पैसे कमी पडतील म्हणून तसंच चालू द्या?"

एवढं बोलून तो खाली बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेपवाल्याने तोंड फिरवलं आणि पुढे बरेच दिवस ते फिरलेलंच ठेवलं. पण नमुन्याची पहिली खेप करून बघायला लाइन तयार झाली. पहिल्या महिन्यात पीस कमी निघाले. मग हात बसले. जादा कमाई पूर्वीइतकी झाली नाही, पण फार उणीही राहिली नाही. आणि टेपवाल्याच्या घरचा नव्या बनावटीचा टॅब बिघडला तेव्हा त्याने तो स्वयंपाकघरात बसून स्वतः उघडला, स्वतः दुरुस्त केला, आणि दुसऱ्या दिवशी गोंद्याला चहा पाजला.

गोंद्या आनंदाने ताईला म्हणाला, "आता तुझं काम हलकं होणार."

ताईने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. वेडं आहे माझं पोर, असं त्या नजरेत होतं. "बाळ, आज जो बनला तो आज विकला जाईल. लोक सात-आठ वर्षं वापरतील. तो माझ्या टेबलावर येईल तेव्हा मी टेबलावर असेन का?"

गोंद्याचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अजून कित्येक वर्षं शेडमध्ये येणार होते ते त्याच्याच हातचे, काळ्या गोंदाचे.

"तोंड काय पाडतोस?" ताई म्हणाली. "दुसरी कुणीतरी असेल ना तिथे बसलेली. तिला कळणारही नाही, तिचा हात का दुखत नाही ते. त्यात वाईट काय?"

गोंदाचं यंत्र बंद झालं तेव्हा सुपरवायझरने गोंद्याला विचारलं, पॅकिंगला जातोस की स्क्रूच्या टेबलावर? गोंद्या म्हणाला, "मागे जागा आहे का?" सुपरवायझरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुढच्या फाटकातून मागच्या फाटकाला आपणहून गेलेला तो पहिलाच माणूस. एव्हाना भिंतीत दार झालं होतं, बाईंनी ते पाडून घेतलंच होतं, त्यामुळे त्याला वळसा घालावा लागला नाही.

ताईच्या शेजारचं टेबल त्याला मिळालं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "इथे मी बहीण नाही, सीनियर आहे. पाचर अशी नाही धरायची." आणि थोड्या वेळाने, "बाळ, पाणी प्यायलास का?" त्यावर सगळी शेड हसली आणि त्या दिवसापासून तो तिथे गोंद्या राहिला नाही. डोईवर केस नसलेल्या त्या माणसाला सगळ्या बाळच म्हणू लागल्या.

दोन-अडीच वर्षं ती दोघं शेजारी शेजारी बसली. गोंद्याला पुढे नेहमी वाटायचं, की आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ कोणता, तर हा. कारण लहानपणी तो तिच्या कडेवर होता तेव्हा त्याला काही समजत नव्हतं, आणि मोठा झाल्यावर शाळा, नोकरी, संसार यात दोघांना मिळून बसायला सवड कुठे होती? एका घरात राहूनसुद्धा 'जेवलास का, निजलीस का' यापलीकडे बोलणं जात नव्हतं.

आणि शेडमध्ये एक नवल घडलं. ताई आईबद्दल बोलू लागली. घरी तिने कधीच आईचा विषय काढला नव्हता आणि त्यानेही विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, तिला त्रास होईल. तिला वाटायचं, त्याला उणीव जाणवेल. पण हात कामात असले आणि नजर पाटीवर असली की तोंड आपोआप मोकळं होतं. बॅटरीखालचा गोंद मऊ पडायची वाट बघता बघता ती सहज म्हणायची, "आईला कुत्र्यांची फार भीती. गल्लीतलं कुत्रं दिसलं की ती मला पुढे करायची." किंवा, "आई पत्त्यांत लबाडी करायची. पकडली की म्हणायची, बघत होते तुमचं लक्ष आहे का."

गोंद्या ऐकत राही. आईचा एकही फोटो घरात नव्हता. इतकी वर्षं आई म्हणजे त्याला फक्त 'गेली' एवढाच शब्द होता. आता ती कुत्र्याला भिणारी, लबाड, हसरी बाई झाली.

एकदा तो असाच ऐकत असताना ताई त्याच्याकडे बघून थांबली. "हे असं," ती म्हणाली.

"काय असं?"

"मान. आईला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. म्हणून कुणी बोलायला लागलं की ती उजवा कान पुढे करून मान अशी कलती करायची. तुझे दोन्ही कान चांगले आहेत, पण तू ऐकताना तशीच करतोस. तान्हा होतास तेव्हापासून. तिचं बघूनच उचललं असशील."

गोंद्याचा हात मानेकडे गेला. त्याने ती सरळ केली नाही. पाटीवरचा टॅब जरा जास्तच तापला त्या दिवशी, आणि सीनियर त्याला त्याबद्दल रागावलीही नाही.

पुढे ताईच्या डोळ्यांना बारीक दिसेना, तेव्हा तिने काम सोडलं. निरोपाचा काही समारंभ नको म्हणाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तिच्या टेबलापाशी चहा घेतला, शेजारीण तेवढी रडली, डिझाइनच्या बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग बहीणभाऊ नेहमीच्या रस्त्याने घरी निघाले.

वाटेत गोंद्या म्हणाला, "ताई, मला एक बोलायचंय."

"बोल."

"तू मला कडेवर घेतलंस, भावोजींनी घरात घेतलं. मी कधी काही म्हणालो नाही त्याबद्दल."

"म्हणतात का असलं घरच्या माणसाला?"

"नाही म्हणत. पण मला म्हणायचंय."

ताई म्हणाली, "बरं, म्हणालास. ऐकलं मी." आणि तिने पिशवी त्याच्या हातात दिली. आजवर ती त्याला पिशवी कधी घेऊ देत नसे.

आता ताई घरीच असते. सकाळी ऊन येतं त्या खिडकीपाशी बसते. एकदा सुरू झालेलं ते आईचं बोलणं मात्र बंद झालेलं नाही. संध्याकाळी गोंद्या कामावरून आला, हातपाय धुऊन बसला, की ती कुठून तरी धागा काढते. त्याची बायको भाजी निवडता निवडता ऐकते आणि मध्येच विचारते, "मग वन्सं, पकडलंत का तुम्ही त्यांना पत्त्यांत?" ताई सांगू लागते, आणि गोंद्या मान कलती करून ऐकत बसतो.